रेंज गेल्यावर काय उरते? सिंधुदुर्गातील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाणिज्य महाविद्यालयाने फळप्रक्रियेचा लहान उद्योग करणाऱ्यांसाठी ‘उत्पादनखर्च आणि हिशेब’ हा बारा आठवड्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०२५ च्या पावसाळ्यात चालवला. विषय नेमका होता, शिकवणारे प्राध्यापक खर्चलेखनात मुरलेले होते आणि शिकणाऱ्यांना त्याची गरजही होती. तरीही पहिल्या महिन्यातच वर्ग जवळजवळ ओस पडला आणि साधनांची सगळी मांडणी बदलावी लागली. ती का बदलावी लागली, कोणत्या साधनाने कोणते काम केले आणि कोणते नुसतेच मिरवले, याची ही नोंद आहे. प्रस्तुत लेखकाचा या कामाशी संबंध सल्लागार म्हणून दुसऱ्या टप्प्यापासून आला. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव हेतुतः गाळले आहे.

नाव नोंदवणाऱ्यांत बचत गटांतील महिला सर्वाधिक होत्या. त्यांच्याखेरीज मुंबईची नोकरी सोडून घरच्या कलमांकडे परतलेले काही तरुण आणि काजू फोडण्याचा लहान कारखाना चालवणारे दोघे-तिघे होते. आमसूल, कोकमाचे आगळ, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, काजूगर हा त्यांचा माल. माल चांगला, पण भाव ठरवण्याची रीत सगळ्यांची एकच: शेजारचा कितीला देतो ते पाहायचे आणि पाच-दहा रुपये खाली उतरायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा लाभ भावात उतरवायचा तर आपल्या मालाला खरोखर किती खर्च पडतो हे आधी ठाऊक असावे लागते, हा अभ्यासक्रमामागचा विचार होता.

आंबा-काजूचा हंगाम मेअखेर आवरतो म्हणून वर्ग जूनमध्ये सुरू झाला. प्रत्यक्षात मिरग लागला की पेरणी, जुलैत लावणी आणि श्रावण उतरला की गणपतीची व चाकरमान्यांच्या स्वागताची लगबग. कोकणात रिकामा म्हणावा असा महिना शोधूनच काढावा लागतो. त्यात पावसाळ्याची म्हणून एक खास अडचण असते. वाऱ्याने फांदी तारेवर पडली की वीज जाते, वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर तग धरतो, आणि तेही संपले की अख्ख्या वाडीची रेंज जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली-मंडणगड भागात वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. ते टोक झाले, पण तोच प्रकार लहान प्रमाणात दर पावसाळ्यात गावोगाव घडत असतो, आणि अभ्यासक्रमाचे वेळापत्रक आखताना तो कुणीही विचारात घेतला नव्हता.

पहिली मांडणी

टाळेबंदीच्या काळात नियमित विद्यार्थ्यांना शिकवताना जी साधने हाताला बसली होती, तीच येथे उचलली गेली. आठवड्यातून दोनदा रात्री आठ ते नऊ गूगल मीटवर तास, गूगल क्लासरूममध्ये टिपणे, ओबीएस स्टुडिओने केलेले तासाचे चित्रण गूगल ड्राइव्हवर आणि प्रत्येक घटकानंतर गूगल फॉर्मवर चाचणी. यांपैकी कोणतेही साधन वाईट नाही आणि सगळी विनामूल्य मिळतात. विनामूल्य साधनाबाबत एक सावधगिरी मात्र या निमित्ताने नोंदवायला हवी. प्राध्यापकांनी पूर्वी गूगलच्या जॅमबोर्ड या ऑनलाइन फळ्यावर खर्चाचे सुरेख तक्ते तयार केले होते. ऑक्टोबर २०२४ पासून ते फक्त पाहता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी ते साधनच बंद झाले. ज्यांनी वेळेत पीडीएफ उतरवून घेतल्या त्यांचेच काम वाचले.

पहिल्या तासाला चाळिसेक जण होते. चौथ्या आठवड्यात पाच-सहा उरले. व्यवस्थापनाने याचा अर्थ लावला तो अनास्थेचा, आणि प्रमाणपत्रासाठी हजेरी सक्तीची करावी असा प्रस्ताव आला. समन्वयक बाईंनी त्याआधी गैरहजर राहिलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला फोन केला, ही या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची कृती म्हणावी लागेल.

फोनवर कळले ते साधे होते. रात्री आठ ही चुलीपुढची वेळ. घरात स्मार्टफोन एक, आणि संध्याकाळी तो मुलाच्या हातात. दिवसाचा डेटा तोवर संपलेला. काही वाड्यांत रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-पठारावर, आणि भर पावसात रात्री सड्यावर कोण जाणार? तासाचे चित्रण नंतर पाहावे म्हटले तर ते उतरतच नाही. दोघींनी आणखी एक कारण सांगितले, जे कोणत्याही अर्जात लिहून आले नसते: सासरची माणसे भोवती बसलेली असताना माइक सुरू करून आपल्या धंद्यातला तोटा बोलून दाखवायचा संकोच वाटतो.

चित्रण उतरत नाही ही तक्रार हिशेबाने तपासता येते. सेकंदाला किती किलोबिट खर्ची पडतात त्या आकड्याला एकूण सेकंदांनी गुणून आठाने भागले की किलोबाइट मिळतात. सेकंदाला २,५०० किलोबिट दराने केलेले पन्नास मिनिटांचे चित्रण सुमारे ९४० एमबी भरते. नेहमीच्या रिचार्जमध्ये दिवसाला एक-दीड जीबी मिळत असेल, तर एक तास पाहण्यात त्या दिवसाचे बहुतेक नेट संपते. तोच मजकूर आठ-आठ मिनिटांच्या तुकड्यांत, शिक्षकाचा चेहरा न दाखवता, पडद्यावर स्थिर तक्ता आणि त्यावर आवाज अशा रीतीने चित्र व आवाज मिळून सेकंदाला दोनशे किलोबिटांच्या आत बसवला तर एका तुकड्याला १२ एमबी पुरतात. नुसता आवाज ३२ किलोबिटांवर ठेवला तर आठ मिनिटांना २ एमबीसुद्धा लागत नाहीत. खर्चलेखनाच्या प्राध्यापकांना हे गणित समजावून सांगावे लागले नाही; त्यांनीच ते फळ्यावर मांडले आणि त्यानंतर साधनांविषयीच्या बैठकीचा सूरच बदलला.

तुकडे लहान करण्याला डेटाखेरीज दुसरेही कारण होते. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये दाखवले होते की चित्रफीत कितीही लांब असली तरी पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही. वेगवान नेट असलेल्यांचीही हीच गत असेल, तर फणसाच्या राशीशेजारी बसून फोन कानाला लावणारीकडून तासभराची अपेक्षा धरणे गैर होते.

दुसरी मांडणी

आता प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला गेला: रेंज गेली तर यातले काय उरते? गूगल मीटचा तास या कसोटीवर शून्य उरतो. फोनमध्ये उतरवून ठेवलेला आवाजाचा तुकडा पूर्ण उरतो. छापील कागद तर विजेविनाही उरतो, आणि म्हणून खर्चाच्या कोऱ्या तक्त्यांचे वीस पानी पुस्तक छापून एसटीच्या पार्सलने गावोगावच्या गटांकडे पाठवण्यात आले. ऑनलाइन अभ्यासक्रमात छापील पुस्तक कशाला, असा आक्षेप एका सदस्याने घेतला. पुढे सगळ्यात जास्त वापरले गेले ते हेच.

या कसोटीचा खरा परिणाम थेट तासावर झाला. थेट तास हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला दोघांनाही सर्वांत महाग पडणारे साधन आहे. त्यात सगळ्यांची वेळ, डेटा आणि रेंज एकाच क्षणी जुळावी लागते. जे आधी सांगून ठेवता येते ते व्याख्यान या तासात देणे म्हणजे देवगडच्या पहिल्या पेटीचा हापूस कॅनिंगला घालणे होय. त्यामुळे व्याख्याने आवाजाच्या तुकड्यांत गेली आणि थेट तास आठवड्यातून एकच, रविवारी दुपारी, केवळ शिकणाऱ्यांच्या वह्या तपासण्यासाठी राखला गेला. ज्याला जोडता आले नाही त्याचे व्याख्यान बुडत नसे आणि वहीचे उत्तर त्याला नंतर आवाजी संदेशाने मिळे.

तुकडे ऑडॅसिटीमध्ये ध्वनिमुद्रित झाले, चित्रफिती हँडब्रेकने लहान करण्यात आल्या आणि सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून गेले. कायमच्या नोंदीसाठी महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्याच जागेवर मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवले. मूडल निवडण्याचे कारण त्याचे मोबाइल अ‍ॅप: अभ्यासाचे साहित्य त्यात उतरवून ठेवता येते, शिक्षकाने मुभा दिली असेल तर चाचणीही नेटविना सोडवता येते आणि रेंज आली की उत्तरे आपोआप वर जातात. २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती काढणारे मार्टिन डुजियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले आणि तेथे त्यांची शाळा रेडिओवरून भरत असे. दूरच्या वस्तीतल्या विद्यार्थ्याची अडचण या साधनाला समजते ती उगाच नव्हे, असे म्हणायला हरकत नाही.

मूडल बसवणे सोपे, चालते ठेवणे कटकटीचे. सुरुवातीला कुणालाही सूचना जात नव्हत्या. शोध घेता सर्व्हरवर ठरावीक वेळाने चालणारे ‘क्रॉन’ नावाचे काम लावायचेच राहून गेले होते, असे निघाले. ते दर मिनिटाला चालावे लागते. ते नसेल तर मूडल वरवर ठीक दिसते आणि आतून झोपलेले असते. दुसरी अडचण खास मराठी आहे. प्राध्यापकांची वर्षानुवर्षांची टिपणे श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये होती, आणि ती मूडलमध्ये चिकटवली की अक्षरांऐवजी चिन्हांचा खच पडे. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात, आणि तक्त्यांतले आकडे तर दोनदा. या कामाला लागलेला वेळ कोणत्याच नियोजनात धरलेला नव्हता.

एचफाइव्हपी या साधनाने तयार केलेल्या, मध्येच थांबून प्रश्न विचारणाऱ्या चित्रफितींवर मोठी मेहनत घेतली गेली. त्या दिसायला छान होत्या. फार थोड्यांनी त्या उघडल्या.

तयार साहित्याचा धांडोळाही घेतला गेला. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाची चार भागांची रचना, म्हणजे चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन, आराखडा म्हणून उपयोगी पडली, तेथील लेखाशास्त्राचे अभ्यासक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याने मजकूर मात्र घेता आला नाही. ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठ शालेय आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधील लिब्रे ऑफिस कॅल्कचे मराठी धडे नेटके आहेत, पण ते संगणकापुढे बसून करायचे आहेत आणि येथे संगणक असलेले मोजकेच होते. त्या धड्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश आणि समान-वाटप असा परवाना आहे. मूळ निर्मात्याचा उल्लेख करून आणि आपले रूपही त्याच परवान्याने खुले ठेवून ते कापता-जोडता येतात. सगळेच खुले साहित्य असे वापरता येत नाही. ‘अव्यावसायिक’ अशी अट असलेले साहित्य शुल्क घेणाऱ्या प्रमाणपत्र वर्गात वापरावे का, हा प्रश्न बैठकीत बराच वेळ चालला आणि शेवटी ते न वापरण्याचे ठरले. ‘बदल करू नये’ अशी अट असलेल्या साहित्याला मालवणीत आवाज देता येत नाही, म्हणून तेही वगळले.

वहीचे मूल्यमापन

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते मूल्यमापनात. गूगल फॉर्मच्या चाचणीत एका काजू-कारखानदाराला हिशेब अचूक करूनही शून्य गुण पडले. कारण पाहू जाता असे दिसले की त्याने मराठी कळफलकावरून देवनागरी अंक लिहिले होते आणि उत्तरसूचीत इंग्रजी अंक होते. फॉर्म लघुउत्तर अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. हजाराचा स्वल्पविराम दिला किंवा गाळला, ‘आंबापोळी’ जोडून लिहिली किंवा तोडून, तरी त्याच्या लेखी उत्तर वेगळे. एकाच प्रश्नाला अनेक ग्राह्य उत्तरे भरून ठेवता येतात आणि तसे करण्यातही आले, पण खरा आक्षेप मुळाशी होता: शिकणाऱ्याला उत्पादनखर्च काढता येतो का हे चौकटीतल्या एका आकड्यावरून कळत नाही.

म्हणून दुसऱ्या मांडणीत कसोटी बदलली. प्रत्येकाने स्वतःच्या एका उत्पादनाचा तक्ता वहीत मांडायचा, पानाचा उजेडात, वरून सरळ फोटो काढायचा आणि पाठवायचा. प्राध्यापकांनी फोटोवर लाल खुणा करून सोबत दोन-तीन मिनिटांचा आवाजी संदेश द्यायचा.

एका बचत गटाच्या अध्यक्षांची वही येथे उदाहरणादाखल घेता येईल. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. पाच किलो तळलेल्या गऱ्यांसाठी त्यांनी तेल ४५० रुपये, मीठ-हळद २० आणि पाकिटे १३० असा ६०० रुपये खर्च लिहिला होता. म्हणजे किलोला १२०. व्यापाऱ्याला ३०० ने माल जात होता आणि किलोमागे १८० सुटतात असा गटाचा समज होता. प्राध्यापकांनी तीन ओळी रिकाम्या ठेवून पान परत पाठवले: फणस, सरपण, मजुरी. त्यावर उत्तर आले ते अस्सल मालवणीत: “सर, लाकडां घरचीच, फणस परड्यातलो, मगे तेंचे पैशे कित्याक धरूचे?”

प्राध्यापकांनी व्याख्या सांगितली नाही. “ताई, तोच फणस उद्या कुणी दारात येऊन विकत मागितला, तर फुकट द्याल का?” एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी नवे पान आले. फणसाचे ३००, सरपणाचे १५०, दोघींच्या दिवसभराच्या मजुरीचे ७०० धरून एकूण १,७५० रुपये झाले होते, म्हणजे किलोला ३५०. प्रत्येक किलोमागे ५० रुपये जात होते. पानाखाली बारीक अक्षरात एक प्रश्नही होता: सोलणारणीला मजुरी द्यायची तर भाव वाढवायचा की गरे बंद करायचे? रविवारचा पुढचा थेट तास पूर्णपणे याच प्रश्नावर गेला, आणि जोडलेल्यांची संख्या पहिल्या आठवड्यानंतर प्रथमच भरघोस होती.

या देवघेवीत कोणतेही भारी साधन नव्हते. फोनचा कॅमेरा, वही आणि आवाजी संदेश. परंतु शिकवणाऱ्याचे उत्तर एकेका शिकणाऱ्यापर्यंत, तिच्याच आकड्यांना धरून, पोचत होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अभ्यासक्रम तगला तो याच एका गोष्टीवर.

वहीच्या फोटोंनी एक वेगळी जबाबदारीही आणली. पानांवर व्यापाऱ्यांची नावे, उधारी, कधी कर्जाचे हप्तेही असत, आणि आरंभी ती सगळी समूहात सर्वांसमोर पडत होती. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या समूहात प्रत्येकीचा क्रमांक इतरांना दिसतो. एकीला त्यावरून नकोसे फोन येऊ लागले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भर माहिती ज्याची त्याच्या संमतीवर आहे, हे लक्षात घेऊन नोंदणी अर्जात कोणती माहिती कशासाठी घेतली जाते आणि कधी पुसली जाते हे मराठीत लिहिले गेले. सूचना व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या घोषणा-समूहातून जाऊ लागल्या, कारण तेथे सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. वह्या थेट प्राध्यापकांकडे.

शिल्लक राहिलेले

गणपतीच्या दहा-बारा दिवसांत काहीही पाठवायचे नाही, असा निर्णय आधीच जाहीर झाला होता. त्यानंतर नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अखेरचा तक्ता पूर्ण केला. गऱ्यांच्या गटाने भाव वाढवला आणि व्यापाऱ्याकडचा काही माल तोडून तो थेट मुंबईच्या ओळखीच्या घरांना पाठवायला सुरुवात केली. आंबापोळी करणाऱ्या एकीने मात्र सगळा हिशेब मांडून पाहिला आणि ती पोळी यापुढे घरापुरतीच करायची ठरवले. महाविद्यालयाच्या अहवालात हे ‘गळती’च्या रकान्यात गेले, आणि तो रकाना दुरुस्त करून घ्यायला समन्वयक बाईंना बरेच भांडावे लागले.

न सुटलेला प्रश्न प्राध्यापकांच्या वेळेचा आहे. एका वहीचा फोटो नीट पाहून उत्तर द्यायला सुमारे दहा मिनिटे लागतात. चाळीस वह्यांना आठवड्याला साडेसहा तासांहून अधिक. संस्थेच्या कार्यभाराच्या तक्त्यात मात्र थेट तास तेवढा मोजला जातो, आणि दुसऱ्या मांडणीत तो दोनवरून एकावर आला होता. म्हणजे काम कितीतरी वाढले आणि कागदावर ते निम्मे झाले. पुढची तुकडी भातकापणीनंतर, नोव्हेंबरात सुरू करण्याचे आणि पहिल्या तुकडीतील दोघींना वह्यांच्या प्राथमिक तपासणीसाठी मानधनावर घेण्याचे प्रस्ताव समन्वयक बाईंनी दिले आहेत. पहिला मंजूर झाला आहे. मानधनाचा प्रस्ताव, तपासणी हे ‘अध्यापन’ मानावे की ‘कार्यालयीन साहाय्य’, या शेऱ्यासह लेखा विभागाकडे आहे.